ग्रेनाकोटची ऊब

"टोप्या काढा रे, टोप्या काढा! धूर निघाला!"

कोणीतरी असं ओरडलं आणि खोऱ्यातल्या झाडून सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांनी त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत आपल्या लोकरी टोप्या काढून काखेत धरल्या. कान गळून पडले तरी बेहत्तर, पण मेलेल्या माणसाचा अपमान व्हायला नको! समोर सगळीकडे बर्फ होता. त्या बर्फातून ग्रेनाकोट नावाच्या पडक्या घराचे मातीचे बांध वर आले होते आणि त्यांच्या मधल्या खड्ड्यातून वाफ सरळ वर चढत होती. खड्ड्याच्या तळाला हिरवं गवत दिसत होतं. भर जानेवारीत, आइसलंडच्या उत्तर टोकाला, हिरवं गवत!

"कोल्बेइनने चूल पेटवली," एक बाई डोळे पुसत म्हणाली.

"वास घ्या, वास! कसा गोडसर येतोय!"

"जुन्या काळच्या स्वयंपाकघराचा वास आहे हा. आपल्या नशिबी कुठला असला वास!"

आणि सगळ्यांनी नाकं फेंदारून तो वास पोटभर घेतला.

बांधावर ओद्दुर उभा होता. शहरी कोट, मानेवर रुळणारे केस, डोळे मिटलेले. शरद ऋतूत तो दक्षिणेकडून आला तो स्तेइनारच्या घरी पाहुणा म्हणून, आणि पाहुणा राहिला तो राहिलाच. ग्रेनाकोटची जमीन या स्तेइनारचीच. ओद्दुरच्या अंगात पाचशे वर्षांपूर्वी इथे राहणारा पाद्री कोल्बेइन यायचा. तो म्हणे मोठा वैद्य होता आणि साथीत मेल्यावरही त्याने आपला दवाखाना बंद केलेला नव्हता.

"मी... कोल्बेइन..." ओद्दुर घशातल्या घशात घुमला. "पाच शतकं... मला झोप नाही... माझी चूल विझलेली नाही... माझे हात थकले आहेत... मला... कॉफी..."

लगेच दोन बायका किटली घेऊन धावल्या. कोल्बेइनने साखरेचा खडा दातात धरला आणि वरून कॉफी ओतून घेतली.

मला राहवेना. "अहो, कोल्बेइनच्या काळात या देशात कॉफीचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं."

शेजारी म्हातारा गिस्ली तपकीर ओढत उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "मेल्यावर माणसाला वेळ भरपूर असतो, बाई. शिकला असेल."

माझं नाव योरुन. मी फिरती शिक्षिका. आमच्याकडे घरं इतकी लांब लांब की शाळा काढून भागत नाही. शिक्षिकेनेच पेटी उचलून या घरून त्या घरी जायचं आणि आसपासची पोरं गोळा करून शिकवायचं. महायुद्ध लागायच्या आधीचा हा हिवाळा. माझा मुक्काम आस्लॉग नावाच्या विधवेकडे होता आणि तिची अकरा वर्षांची स्वावा माझी विद्यार्थिनी होती.

ग्रेनाकोट मी लहानपणापासून पाहत आले होते. कोणे एके काळी तिथे शेतघर होतं. साथीत घरातलं माणूस न् माणूस मेलं, छप्पर खाली आलं, ढेकळांच्या भिंती बसल्या आणि त्यांवर गवत उगवलं. आता उरलेत ते नुसते उंचवटे. चालताना पायाला कळतं, इथे दार होतं, इथे गोठा, ही मधली खोली. मधली खोली सगळ्यांत खोल. माणूस आत बसला की बाहेरून दिसत नाही. तिथलं गवत कापायचं नाही, तिथे फावडं लावायचं नाही, असा खोऱ्याचा रिवाज. कापलंत तर गोठ्यातलं जनावर दगावेल! त्यामुळे तिथे कोणी फिरकत नसे आणि कोणी वाकून पाहतही नसे. चोराला याहून चांगलं कुलूप कोणतं हवं?

ओद्दुरने त्या मधल्या खोलीवर जुनं शीड ताणून मांडव केला होता. एकच बाजू उघडी, लोकांना दिसावं म्हणून. रोग्याला आत हिरव्या गवतावर निजवायचं, जमिनीची ऊब पाठीला लागू द्यायची. उशाशी एक मेणबत्ती, बांधावर स्तेइनारचा दानाचा डबा. काठावर पांढरी चादर, टॉवेल आणि कोमट पाण्याचं घमेलं. ऑपरेशन झाल्यावर कोल्बेइनला हात धुवायला! परलोकातले वैद्य आमच्याकडे घराघरांत येत असतात आणि त्यांच्यासाठी घमेलं भरून ठेवायची पद्धतही जुनीच आहे. पण त्यांच्यासाठी माणसाला खड्ड्यात उतरवणारा हा पहिलाच.

स्वावाला क्षय होता. जिल्ह्याचे डॉक्टर लारुस यांनी खटपट करून तिच्यासाठी क्षयाच्या रुग्णालयात एक खाट मिळवली होती. महिनाअखेरीची बोट आमच्या फ्योर्दाच्या खाडीत आली की ते स्वतः येऊन तिला घेऊन जाणार होते.

"नाही पाठवायची," आस्लॉग म्हणाली. ती कढईत पॅनकेक उलटत होती आणि तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझे दोन मुलगे तिथे गेले. दोघेही पेटीत परत आले. आता ही शेवटची."

"ते फार उशिरा गेले, आस्लॉग. स्वावाचं अजून लवकर आहे. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर तेव्हाही म्हणत होते."

तिचं दुःख खरं होतं. त्या खऱ्या दुःखाच्या कुबट अंधारातच ओद्दुरसारखी अळंबी उगवतात. तो घरी आला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, कोल्बेइन हिची वाट पाहतोय." बाई त्याच्या पायांशी कोसळायचीच बाकी होती.

पहिल्यांदा स्वावाला खड्ड्यात निजवलं तेव्हा मी तिथे होते. कागदासारखी पांढरी पोर आत गेली आणि बाहेर आली ती गाल लालचुटूक होऊन. गर्दीतून एकच चीत्कार उठला. गिस्लीच्या हातून तपकिरीची डबी निसटली. आस्लॉग पोरीचे गाल हातांत धरून हसत होती, रडत होती, येईल त्याला दाखवत होती. "बघा, रक्त आलं! माझ्या पोरीच्या अंगात रक्त आलं!"

खरं सांगते, क्षणभर मीही चमकले. गाल लाल होते, हे तर माझ्या डोळ्यांना दिसत होतं.

घरी आल्यावर स्वावाने उलटी केली. "आई, डोकं फार दुखतंय."

"दुखू दे, राणी. ओद्दुर म्हणालेत, रोग डोक्यातून बाहेर पडतो. जरा सहन कर."

असं दर खेपेला होऊ लागलं. वारा पडला, आकाश निवळलं की आस्लॉग पोरीला गुंडाळून घोड्यावर घालायची. स्वावाचे गाल लाल व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत ती डोकं धरून बसायची. पण जीभ मात्र शाबूत होती तिची. एकदा भागाकार करता करता मला म्हणाली, "बाई, एवढ्या धुरात कोल्बेइनला खोकला कसा येत नाही?"

"त्याला फुप्फुसंच नाहीत, पोरी."

"मग मेणबत्ती कशाने विझवतो?"

माझ्या हातातला खडू थांबला. "कुठली मेणबत्ती?"

"माझ्या उशाशी असते ती. वारा नसला तरी विझते. आधी बारीक होते, मग जाते. ओद्दुर म्हणतात, कोल्बेइन फुंकर मारतो. पण मी गालाजवळ हात धरून पाहिला. फुंकर लागत नाही."

मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे मुरघासाचा, म्हणजे ओला चारा मुरवायचा खड्डा होता. त्यात उतरण्याआधी माझे वडील दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की म्हणायचे, "हवा मेलीय. उतरायचं नाही." शेजारच्या एका गड्याने या गोष्टीची टिंगल केली होती. त्याला मग दोरी लावूनच वर काढावा लागला, आणि त्याचेही गाल असेच छान दिसत होते.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "आस्लॉग, पोरीला त्या खड्ड्यात पुन्हा नेऊ नकोस. तिथली हवा विषारी आहे."

ती स्वावाचे लोकरी मोजे शेकत होती. "उद्या डॉक्टर येतात ना न्यायला? म्हणूनच आज नेतेय. आज जरा जास्त वेळ निजवीन म्हणते, म्हणजे रंग उद्यापर्यंत टिकेल. हे गाल पाहिले की डॉक्टरच म्हणतील, राहू दे घरी."

"अगं, तो रंग रक्ताचा नाही, विषाचा आहे! मेणबत्ती विझते तिथे."

"योरुन, तुला पोर नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुला पुस्तकं आहेत. तू पुस्तकं सांभाळ."

त्या दिवशी पान हलत नव्हतं. मी त्यांच्या घोड्यामागे धावत ग्रेनाकोटला पोचले तोवर पोरीला निजवून झालं होतं आणि भजन सुरू झालं होतं. मी गर्दीतून वाट काढली, कोणाच्या तरी हातातली मेणबत्ती हिसकावली आणि काठावर पालथी पडून ती खड्ड्यात खाली धरली.

ज्योत बारीक झाली आणि विझली.

"पाहिलंत? वारा आहे का? नाही! आत हवा मेलीय. पोरीला बाहेर काढा!"

भजन थांबलं. ओद्दुरने डोळे उघडले, मग काम आठवून पुन्हा मिटले. "फुंकर... माझी फुंकर होती..." तो घुमला. "ऑपरेशन चालू आहे... मध्ये बोलणारीच्या जिभेला... शाप..."

"ऑपरेशन मोडू नका हो बाई!" गिस्ली ओरडला. "पोट उघडं असेल पोरीचं!"

"फुंकर ना? मग कोल्बेइनशी तुझी एवढी ओळख, तूच उतर खाली. बस तिच्याशेजारी. चल!"

"मी... मी केवळ माध्यम आहे. माध्यमाने काठावर उभं राहायचं असतं."

"का?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

स्तेइनारने माझा दंड धरला. "बाई, माझ्या जमिनीवर तमाशा नको." दुसऱ्या कोणीतरी माझी शाल ओढली. एक बाई मला कैदाशीण म्हणाली. आम्ही भांडत होतो. भांडण चांगलं रंगलं होतं, मागचे लोक पुढे सरकत होते, दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ चालू होता, आणि आमच्या पायांशी हातभर अंतरावर ती पोर निजली होती. शेवटी मी स्तेइनारच्या हाताला कडकडून चावले, श्वास कोंडला आणि उडी मारली.

अंगात होतं नव्हतं ते बळ लावून मी तिला काठावर ढकललं. चादरीवर तिचं डोकं कलंडलं. गाल असे लाल की नुकतीच बर्फात खेळून आल्यासारखे.

"काय गोड दिसतेय!" मागून एक बाई म्हणाली.

मी तिच्या तोंडाशी कान नेला. मग छातीशी. मग तिला उलटी केली, पाठ चोळली, हात वरखाली केले, वडिलांनी त्या गड्याला केलं होतं ते सगळं केलं. आस्लॉग शेजारी गुडघे टेकून बसली होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "झोपलीय ना? ऑपरेशनने झोप येते ना?"

ओद्दुरने घमेल्याकडे पाहिलं. पाणी कोमट होतं. हात धुवायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लारुस ठरल्याप्रमाणे आले, पोरीसाठी कांबळी आणि गरम विटा घेऊन. त्यांनी तिला पाहिलं, पापण्या उचलल्या, नखं पाहिली. मग फावडं मागून घेतलं आणि ग्रेनाकोटला गेले. सगळं खोरं मागे.

"डॉक्टर, तिथे फावडं लावू नका," स्तेइनार म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "रिवाज आहे. जनावरं मरतील."

"पोर मेलीय, ती कमी आहे का?"

पहिल्याच घावाला हिरव्या गवताचा थर सतरंजीसारखा उचलला गेला. कोणीतरी तो नीट कापून, खाली माल भरून, पुन्हा अंथरला होता. खाली ठासून भरलेलं गवत होतं, तपकिरी, आणि आणखी खाली कोळशासारखं काळं. जुन्या मोरीच्या दगडांतून त्याला थोडी थोडी हवा मिळत होती. वाफेचा लोट उठला आणि तो प्रसिद्ध गोडसर वास सगळ्यांच्या तोंडावर आला.

गिस्लीने आ वासला. "अरे देवा! ही तर गवताची तापलेली गंजी!"

झालं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. गेल्या उन्हाळ्यात पावसाने गवत वाळूच दिलं नव्हतं. घरोघरी ओलं गवत गंजीत गेलं होतं, घरोघरी गंज्या आतून तापल्या होत्या आणि आग लागू नये म्हणून या प्रत्येक माणसाने घाम गाळून त्या उपसल्या होत्या. हाच वास त्यांच्या कपड्यांत, दाढीत, अंथरुणात महिनाभर होता. एकटा स्तेइनार म्हणाला होता, माझं सडकं गवत मी नदीत टाकलं. नदीत नाही, मित्रांनो, कोल्बेइनच्या घरात टाकलं होतं! आपल्या गोठ्यात ज्या वासाने हे लोक बादल्या घेऊन धावत, तोच वास पडक्या घरातून आला तेव्हा त्यांनी टोप्या काढल्या.

"कोंडलेलं गवत आतल्या आत जळतं," डॉक्टर म्हणाले. "ऊब येते, बर्फ वितळतो, वरचं गवत हिरवं राहतं. पण त्यातून जे वायू निघतात, त्यांना रंग नाही; एक मेणबत्ती विझवतो, दुसरा रक्तात शिरतो. हा खड्डा, वर शीड, वारा नाही. ते साचतात. माणूस निजला की आधी डोकं दुखतं."

एवढ्यात मोकळी हवा लागली म्हणून काळ्या गवताने भपकन पेट घेतला. माणसं मागे पळाली. पाचशे वर्षांत पहिल्यांदा ग्रेनाकोटला खरोखर चूल पेटली होती, आणि तिच्या उजेडात आम्हाला ओद्दुर दिसला. तो घोड्यावर जीन टाकत होता.

मी त्याचा लगाम धरला. "एवढंच सांग. तू कधीच खाली का बसला नाहीस?"

"मला काय माहीत विषबिष! देवाशपथ, मी फक्त ऊब दाखवली. गवत स्तेइनारचं होतं."

"कधीच का बसला नाहीस?"

"अहो, बसलो होतो की सुरुवातीला," तो चिडून म्हणाला, "पण डोकं धरतं माझं तिथे."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते. मला वाटलं, आता याचे तुकडे होतील. कसले तुकडे! माणसं खाली मान घालून उभी राहिली, कारण प्रत्येकाने आपापलं कोणी ना कोणी त्या खड्ड्यात निजवलं होतं. तो घोड्यावर बसला आणि गेला. पुढे स्तेइनारला दंड झाला. ओद्दुर सापडला तेव्हा म्हणाला, मी बेशुद्धीत बोलतो, मला काही आठवत नाही. त्याला समज देऊन सोडलं. वसंतात दूरच्या एका खोऱ्यात म्हणे समुद्रात बुडालेला एक वैद्य बोलू लागला. त्यालाही कॉफी लागते.

आणि आमच्या खोऱ्यात आजही काही जण खाजगीत सांगतात की पोर बरी होत आली होती, योरुनने ऑपरेशन मोडलं म्हणून गेली. गिस्ली त्यांतलाच एक. गंजीचा वास त्यानेच पहिल्यांदा ओळखला होता, तरीही.

स्वावाला पुरल्यानंतर डॉक्टर निघाले तेव्हा आस्लॉग दारात उभी होती. तिने त्यांची बाही धरली.

"डॉक्टर, तिचे गाल लाल झाले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. थोडं तरी बरं वाटलं असेल ना तिला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं किती सोपं होतं! ते बोलले नाहीत आणि त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. "नाही, आस्लॉग. तो लाल रंग म्हणजे विष रक्तात गेल्याची खूण. जितके गाल लाल, तितकं विष जास्त."

"ती सांगत होती डोकं दुखतं म्हणून," आस्लॉग म्हणाली. "दर खेपेला सांगत होती. मी म्हणत होते, सहन कर."

मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्या वर्षानंतर मी ज्या ज्या घरी पेटी टेकवली, तिथे पहिल्या दिवशी पोरांच्या आईबापांना हीच गोष्ट सांगितली. कोणी रागावलं, कोणी कॉफी न देता वाटेला लावलं. मी कोणाचा देव मागत नाही, कोणाचे पूर्वज हिसकावत नाही. एवढंच म्हणते: चमत्कार समोर उभा राहिला तर टोपी डोक्यावरच ठेवा आणि नाक, डोळे, मेणबत्ती, जे हाताशी असेल ते वापरा. चमत्कार करणाऱ्याला म्हणा, आधी तू उतर खाली. आणि तुमचं पोर म्हणालं, आई, डोकं दुखतं, तर त्याला सहन कर म्हणू नका. उचला, बाहेर आणा. कोल्बेइनला काय विचारायचं ते मग सावकाश विचारा. तो मेलेला आहे, त्याला घाई नाही.